न दिसलेल्या रेषेची बावीस वर्षं

पीएचडीच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकांनी ड्रॉवरमधून तांब्याच्या तारेचा एक वीतभर तुकडा काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "वाकव." मी वाकवली, अगदी सहज वाकली. "आता जशी होती तशी सरळ कर." तिथेच गंमत झाली. तार वाकवलेल्या जागी सरळ होईना, तिच्या शेजारी दुसरीकडेच वाकायला लागली. पेनासारखी सरळ तार काही परत मिळाली नाही.

"तू मघाशी म्हणालास की स्फटिकात दोष असतात म्हणून धातू मऊ असतात. तार वाकवल्यावर आतले दोष वाढले की कमी झाले?"

"वाढले सर."

"मग ती आणखी मऊ व्हायला हवी होती ना? कडक का झाली?"

मी गप्प. त्या वर्षी तिथे माझी निवड झाली नाही. झाली नाही याचं आता फारसं वाईट वाटत नाही, पण तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. नेट-सेट, गेटसाठी मी डिसलोकेशनवरची सूत्रं पाठ केलेली होती, एज आणि स्क्रू यांतला फरक झोपेतून उठवलं तरी सांगितला असता. तरी दोन वाक्यांत माझी दांडी उडाली. कारण आपली पाठ्यपुस्तकं हा विषय उलटा शिकवतात. पहिल्याच पानावर अणूंच्या रांगांचं चित्र, मध्ये एक अर्धवट घुसलेली रांग, शेजारी उलट्या टी अक्षरासारखी खूण. वाटतं, कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि चित्र काढलं. प्रत्यक्षात चित्र आलं १९३४ साली आणि धातूत ती वस्तू स्पष्ट दिसली १९५६ साली. मधली बावीस वर्षं लोक न दिसलेल्या वस्तूवर शोधनिबंध लिहीत होते. त्या बावीस वर्षांविषयी आज लिहायचं आहे, कारण संशोधनाला निघालेल्या माणसाला शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

(शब्दाबद्दल थोडं. डिसलोकेशनला 'विस्थापन' म्हणावं तर नववीच्या पुस्तकात तो शब्द डिस्प्लेसमेंटसाठी वापरून झालाय, आणि आपल्याकडे विस्थापन म्हटलं की धरणग्रस्त आठवतात. मी डिसलोकेशनच म्हणणार.)

सुरुवात एका बेरजेच्या चुकीसारख्या दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी लागते. धातू वाकतो म्हणजे आत काय होतं, हे १९०० च्या सुमारास बरंचसं कळलेलं होतं. युइंग आणि रोझेनहाइन यांनी चकचकीत घासलेला धातू ताणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पृष्ठभागावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या. पत्त्यांचा कॅट एका बाजूने ढकलावा आणि पत्ते एकमेकांवरून घसरावेत, तशा या पायऱ्या. म्हणजे स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरतात. ठीक. मग ही घसरण व्हायला जोर किती लागेल?

हा हिशेब १९२६ मध्ये याकोव फ्रेंकेल यांनी मांडला. अणूंचा एक थर दुसऱ्या थरावर बसलाय, अंड्यांच्या ट्रेवर दुसरा ट्रे बसावा तसा. वरचा थर एक घर पुढे सरकवायचा तर सगळे अणू एकाच वेळी चढावरून पलीकडच्या खळग्यात न्यायला हवेत. विरोध साइन वक्राप्रमाणे बदलतो असं धरलं की उत्तर येतं: पदार्थाचा शिअर मोड्युलस भागिले दोन पाय, म्हणजे साधारण सहावा भाग. तांब्याचा मोड्युलस सुमारे ४८ गिगापास्कल, म्हणून लागणारा ताण सुमारे ८ गिगापास्कल. आणि तांब्याचा शुद्ध एकसंध स्फटिक प्रयोगात किती ताणाला घसरतो? एक मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे सिद्धांत आणि प्रयोग यांत हजारो पटींचा फरक! दुप्पट-तिप्पट फरक असता तर गृहीतकं थोडी मागेपुढे करून जुळवता आला असता. हजारो पटींना असं काही चालत नाही. पुढे गणित सुधारून आकडा काहीसा खाली आला, पण दरी दरीच राहिली.

हा प्रश्न सर्वांत जवळून पाहणारे लोक बर्लिनमध्ये होते. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत मायकेल पोलान्यी, हेर्मान मार्क आणि एरिच श्मिड यांनी जस्ताचे एकसंध स्फटिक ताणून १९२०च्या दशकातच नेमकी मोजमापं केली होती. श्मिडचा नियम तुम्ही पाठ केला असेल, तो याच काळातला. पोलान्यी मूळचे बुडापेस्टचे. त्याच शहरातला दुसरा एक तरुण, एगोन ओरोवान, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात रिचर्ड बेकर यांच्याकडे होता. बेकर यांचा सिद्धांत असा की उष्णतेच्या हेलकाव्यांमुळे स्फटिकात अधूनमधून छोट्या जागी घसरण सुरू होते. ओरोवान यांनी पुढे सांगितलेली आठवण मला फार आवडते. त्यांच्याजवळ जस्ताचा एकच चांगला स्फटिक उरला होता आणि तोही जमिनीवर पडून वाकला. दुसरा नाही म्हणून त्यांनी तोच सरळ केला आणि ताणायला लावला. तो एकसारखा ताणला न जाता झटक्या-झटक्याने वाढायला लागला. बिघडलेला नमुना म्हणून त्यांनी तो फेकला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ते झटक्यांवर अडून बसले. झटका म्हणजे आत कुठेतरी एका जागी काहीतरी सुटतंय आणि ते धावत सुटतंय. सगळा थर एकदम घसरत नाहीये.

आता सतरंजी आठवा. मंगल कार्यालयात मोठी सतरंजी अंथरली आहे आणि ती चार बोटं पुढे सरकवायची आहे. टोक धरून ओढली तर चार माणसं लागतील. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत पलीकडे नेली तर एकटा माणूस ते काम करतो. सुरकुती पार गेली की सतरंजी तेवढी पुढे आलेली असते. एका क्षणी फक्त सुरकुतीपुरताच भाग उचललेला असतो. डिसलोकेशन म्हणजे ही सुरकुती: घसरलेला भाग आणि न घसरलेला भाग यांच्यामधली सीमारेषा. व्याख्या म्हणून हे वाक्य लक्षात ठेवा. 'अर्धवट घुसलेली रांग' हे तिचं फक्त एक रूप आहे आणि मी मुलाखतीत तेवढंच सांगत बसलो होतो.

१९३४ मध्ये ही कल्पना तिघांनी मांडली: ओरोवान, पोलान्यी आणि केंब्रिजचे जी. आय. टेलर. पहिल्या दोघांचे निबंध 'झाइटश्रिफ्ट फ्युर फिजिक' या नियतकालिकात लागोपाठ छापलेले आहेत. त्यामागची हकीकत अशी. पोलान्यी यांच्या मनात ही कल्पना आधीपासून घोळत होती आणि ओरोवान यांना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पोलान्यींना पत्र लिहून एकत्र निबंध लिहूया असं सुचवलं. पोलान्यी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, नाव झालेले. त्यांनी ही कल्पना तुझी आहे, तूच छाप, असं कळवलं. शेवटी दोघांनी वेगवेगळे निबंध पाठवायचे आणि संपादकांनी ते शेजारी-शेजारी छापायचे असं ठरलं. लेखकांच्या नावांच्या क्रमावरून आपल्याकडे काय काय चालतं ते तुम्ही लवकरच बघाल, तेव्हा ही दोन पानं आठवतील. आणि काळ कसला होता, तर हिटलर सत्तेवर आलेला, पोलान्यी १९३३ मध्येच बर्लिन सोडून मँचेस्टरला गेलेले, ओरोवानही हंगेरीला परतलेले. नोकरी, देश, सगळं हलत असताना हे पत्र लिहिलं गेलं.

टेलर यांचा मार्ग वेगळा. ते द्रवगतिकीचे माणूस, जहाजाच्या नांगराचा एक नवा प्रकारही त्यांनी नुकताच शोधला होता. धातूंकडे ते कॉन्स्टन्स एलम यांच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे स्फटिक ताणताना आले. बाकी दोघांना पडलेला प्रश्न होता 'धातू इतका मऊ का?' टेलर यांनी त्याच निबंधात पुढचाही विचारला: 'वाकवल्यावर कडक का होतो?' प्रत्येक डिसलोकेशनभोवती ताणाचं एक क्षेत्र असतं, त्यामुळे डिसलोकेशन्स एकमेकांना अडवतात. जितकी दाटी, तितका पुढच्या हालचालीला जोर जास्त. आज आपण हे 'लागणारा ताण डिसलोकेशनच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात' असं लिहितो. म्हणजे माझ्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर १९३४ मध्येच छापून आलेलं होतं, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

गणित मात्र या तिघांना पूर्ण नव्याने करावं लागलं नाही. इटलीच्या व्हिटो व्होल्तेरा यांनी १९०७ मध्येच पोकळ नळकांडं कापून, कापलेल्या कडा सरकवून पुन्हा चिकटवली तर आत कोणते ताण उरतात याचा अभ्यास केला होता. स्फटिकाशी त्याचा काही संबंध नव्हता. ऑगस्टस लव यांनी त्याला इंग्रजीत 'डिसलोकेशन' हे नाव दिलं. सत्तावीस वर्षं पडून राहिलेलं हे गणित टेलरना आयतं मिळालं.

आणि तरीही तिघांच्याही डोक्यात डिसलोकेशनचा एकच प्रकार होता, एज. स्क्रू प्रकार १९३९ मध्ये डेल्फ्टच्या यान बर्गर्स यांनी दाखवला, आणि डिसलोकेशनची ओळख सांगणारा सदिश आज त्यांच्याच नावाने चालतो. तेही मूळचे द्रवगतिकीवालेच. पाठ्यपुस्तकात एज आणि स्क्रू एकाच पानावर शेजारी-शेजारी असतात, मधली पाच वर्षं तिथे दिसत नाहीत.

मग युद्ध. त्या काळाबद्दल इथे विशेष सांगण्यासारखं नाही. युद्धानंतर केंद्र सरकलं ब्रिस्टलला, नेव्हिल मॉट यांच्या गटात. इथे फ्रेडरिक चार्ल्स फ्रँक होते, आणि या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग त्यांचा आहे. कारण पुरावा भलत्याच दिशेने आला.

प्रश्न होता स्फटिक वाढतात कसे. सपाट पृष्ठभागावर नवा थर सुरू करायचा तर आधी काही अणूंनी एकत्र येऊन बेट तयार करायला हवं, आणि ते अवघड काम. हिशेबाने वाफ किंवा द्रावण काही दशक टक्के अतिसंपृक्त असल्याशिवाय वाढ जवळपास होऊच नये. प्रयोगात आयोडिनचे स्फटिक एक टक्क्याच्या आसपास अतिसंपृक्ततेलाही आरामात वाढत होते. पुन्हा तीच तऱ्हा: आदर्श स्फटिकाचं गणित बरोबर, आणि निसर्ग ते जुमानत नाही. फ्रँक यांनी १९४९ मध्ये म्हटलं, पृष्ठभागावर जिथे स्क्रू डिसलोकेशन बाहेर येतं तिथे एक पायरी आपोआप असते. अणू येऊन त्या पायरीला चिकटतात, पायरी पुढे सरकते, पण तिचं एक टोक डिसलोकेशनला बांधलेलं, म्हणून ती त्याभोवती फिरत जाते. गोल जिन्यासारखी. कितीही थर चढवा, पायरी संपतच नाही. तेव्हा स्फटिकाच्या पृष्ठभागावर सर्पिल दिसायला हवं.

त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये स्फटिकवाढीवर फॅरेडे सोसायटीची परिषद होती. तिथेच ग्रिफिन नावाच्या तरुण संशोधकाने बेरिल खनिजाच्या पृष्ठभागाची छायाचित्रं दाखवली. त्यांत सर्पिलं होती. कल्पना करा, तुम्ही फळ्यावर एक आकृती काढताय आणि प्रेक्षकांतला एक जण खिशातून तिचा फोटो काढतोय!

यात एक भारतीय नावही आहे आणि ते आपल्या अभ्यासक्रमात का नसतं मला कळत नाही. अजित राम वर्मा. ते लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात टोलान्स्की यांच्याकडे होते. टोलान्स्कींच्या प्रकाश-व्यतिकरणाच्या पद्धतीने नॅनोमीटरच्या पातळीवरची उंची मोजता येत असे. वर्मांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवरची सर्पिलं पाहिली आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. पायरीची उंची मोजली तर ती एकक कोशिकेच्या उंचीशी जुळली, म्हणजे सुमारे दीड नॅनोमीटर. साधा प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आणि एका कोशिकेची पायरी! 'क्रिस्टल ग्रोथ अँड डिसलोकेशन्स' हे त्यांचं पुस्तक १९५३ चं. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. ग्रंथालयात ते पुस्तक मिळालं तर त्यातली छायाचित्रं नक्की पाहा.

इतकं होऊनही एक मोठी अडचण उरलीच होती. डिसलोकेशन घसरत स्फटिकाच्या कडेपर्यंत गेलं की बाहेर पडतं आणि मागे एका अणूएवढी पायरी ठेवतं. मग थोडं वाकवल्यावर आतला साठा संपायला हवा. पण सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या पायऱ्या शेकडो-हजारो अणूंएवढ्या उंच. इतकी डिसलोकेशन्स येतात कुठून? याचं उत्तर १९५० मध्ये फ्रँक आणि बेल लॅब्जचे थॉर्नटन रीड यांना एकाच सुमारास, स्वतंत्रपणे सुचलं, आणि दोघांनी मिळून छापलं. रेषेचा एक तुकडा दोन टोकांना अडकलेला आहे. ताण दिला की तो धनुष्यासारखा फुगतो, फुगत-फुगत दोन्ही टोकांना वळसा घालतो, मागच्या बाजूला त्याचे दोन हात भेटतात आणि एकमेकांना मिटवतात. एक पूर्ण वेढा सुटून बाहेर जातो आणि मूळ तुकडा जागेवर तसाच, पुढच्या फेरीला तयार. साबणाच्या कडीतून फुगे निघावेत तसे वेढे निघत राहतात. हे निव्वळ कागदावरचं चित्र होतं. १९५६ मध्ये डॅश यांनी सिलिकॉनमध्ये तांबं मुरवून डिसलोकेशन्सना 'सजवलं' आणि अवरक्त प्रकाशात फोटो काढला, तर पुस्तकातल्यासारखा वेढ्यात वेढा.

या काळात शंका घेणारे नव्हते असं नाही, आणि त्यांना मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. प्रत्येक अडचणीला 'त्याला डिसलोकेशन कारण' हे उत्तर देता यायला लागलं की सिद्धांताबद्दल संशय यायलाच हवा. शंका फिटल्या त्या आकडे जुळल्यामुळे. १९५३ मध्ये बेल लॅब्जमध्ये फोगेल आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम आम्लाने खोदलं. दोन स्फटिकभागांच्या सीमेवर सारख्या अंतराने खळग्यांची ओळ दिसली. सिद्धांताप्रमाणे हे अंतर म्हणजे बर्गर्स सदिशाची लांबी भागिले दोन भागांमधला कोन. कोन क्ष-किरणांनी वेगळा मोजला आणि हिशेब बसला. दुसरा पुरावा उलट बाजूने आला. टेलिफोनच्या उपकरणांत शॉर्ट सर्किट करणारे कथिलाचे केसासारखे बारीक स्फटिक बेल लॅब्जमध्येच हेरिंग आणि गॉल्ट यांनी १९५२ मध्ये वाकवून पाहिले. ते एक-दोन टक्के ताणले जाऊनही स्प्रिंगसारखे परत येत होते. म्हणजे घसरणीला डिसलोकेशन जवळपास नसलं तर फ्रेंकेलच्या आकड्याच्या दिशेने जाता येतं. १९२६ चं गणित चुकलेलं नव्हतंच. ते ज्या स्फटिकासाठी केलं होतं तो स्फटिक कुणाच्या हातात नव्हता, इतकंच.

आणि मग केंब्रिज, १९५६. पीटर हर्श, त्यांचे विद्यार्थी मायकेल व्हेलन आणि सूक्ष्मदर्शक चालवणारे रॉबर्ट हॉर्न. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून आणि आम्लात झिजवून इतका पातळ केला की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. अणू दिसण्याइतकी ताकद त्या यंत्रात नव्हती, लागलीही नाही. डिसलोकेशनजवळ अणूंचे थर किंचित वाकलेले असतात, तेवढ्या भागात इलेक्ट्रॉनांचं विवर्तन वेगळं होतं आणि काळी रेघ दिसते. स्थिर रेघा पाहून खात्री पटली नसती. झोत वाढवल्यावर त्या रेघा चालायला लागल्या, सिद्धांताने सांगितलेल्या घसरणीच्या प्रतलांवरून. त्याच वर्षी जिनिव्हात वॉल्टर बॉलमन यांनीही स्टेनलेस स्टीलमध्ये स्वतंत्रपणे डिसलोकेशन्स दाखवली. टेलर तेव्हा सत्तरीचे, केंब्रिजमध्येच होते.

तर त्या तारेचं उत्तर. डिसलोकेशन जवळपास नसतील तर धातू अतिशय मजबूत, त्या कथिलाच्या केसासारखा. थोडी असतील तर मऊ, कारण धावायला जागा मोकळी. आपली नवी तार या अवस्थेत असते: एका घन सेंटीमीटर तांब्यात सगळ्या रेषा जोडल्या तर साधारण शंभर किलोमीटर. वाकवत-वाकवत गेलं की फ्रँक-रीड उगमांतून वेढ्यांमागून वेढे सुटतात आणि हीच लांबी एक कोटी किलोमीटरच्या घरात जाते. मग चांदणी चौकासारखी अवस्था होते, गाड्या भरपूर, हालत कुणीच नाही. तार वाकलेल्या जागी कडक आणि शेजारी अजून मऊ, म्हणून ती शेजारी वाकली. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता-ठोकता कडक झालं की कारागीर ते पुन्हा भट्टीत तापवतात, तेव्हा हा गुंता सुटून लांबी परत खाली येते. 'दोष वाढले की मऊ की कडक' हा प्रश्नच अपुरा होता. किती दोष आहेत आणि ते हलू शकतात का, असं विचारायला हवं होतं. हे मी त्या दिवशी म्हणालो असतो तरी निवड झाली असती की नाही कुणास ठाऊक.

पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला. पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसलो ती वेळ रात्री साडेदहाची होती, दिवसाचे स्लॉट सीनियर लोकांना. पडद्यावर काळ्या रेघा दिसल्या आणि मी उत्साहाने ऑपरेटर काकांना म्हटलं, "डिसलोकेशन!" त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "कशावरून? पत्रा वाकला असेल तरी अशीच रेघ येते. नमुना थोडा तिरका कर." केला. दोन रेघा पडद्यावर सरपटत भलतीकडेच गेल्या, ती पत्र्याची वाकणं होती. एक रेघ जागेवर राहिली. काकांनी आणखी तिरका करायला लावला, वेगळं विवर्तन निवडायला लावलं, तेव्हा तीही फिकट होत दिसेनाशी झाली, कारण आता तिचा बर्गर्स सदिश परावर्तन करणाऱ्या थरांना समांतर आला होता. "आता वहीत लिही," काका म्हणाले, "कोणत्या कोनाला गेली ते आधी लिही."